एक फाइल, तीन दुखणी : आमवातातल्या वेदनाशामकांचं एक प्रकरण

(शिकवण्यासाठी अनेक रुग्णांच्या तपशिलांतून जुळवलेलं हे प्रकरण आहे. ते कुणा एका व्यक्तीचं नाही.)

रुग्ण ५६ वर्षांच्या, वजन ५४ किलो. नऊ वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. आरएफ आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या रक्तचाचण्या दोन्ही पॉझिटिव्ह. आमवाताचा मूळ आजार रोखणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा १५ मिग्रॅ. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिग्रॅची एकत्र गोळी. संधिवाततज्ज्ञांकडे शेवटची भेट सात महिन्यांपूर्वी झालेली. त्या वेळी क्रिएटिनीन (मूत्रपिंड मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) ०.९, म्हणजे नॉर्मल होतं.

आता तक्रारी दोन. दुखणं कशानेच थांबत नाही, आणि आठ दिवसांपासून तोंड आल्यामुळे जेवण जात नाही. त्याआधी तीन दिवस जुलाब झाले होते, ते आपोआप थांबले. मागच्या फाइलमध्ये प्रत्येक भेटीत दुखण्यापुढे एकच आकडा लिहिलेला: ७/१०, ८/१०, ८/१०. दुखतं कसं, याची नोंद कुठेच नाही. विचारल्यावर मात्र त्यांनी तीन वेगळी दुखणी सांगितली. मनगटांत आणि बोटांत पहाटे ठणका लागतो आणि दीड तास हात आखडलेले राहतात. जिना उतरताना उजव्या गुडघ्यात कळ येते. शिवाय दिवसभर अंग मोडून आल्यासारखं वाटतं, ते झोपूनही जात नाही. या तीन शब्दांना तीन वेगळे उपचार लागतात. गेले सात महिने तिन्हींवर एकाच जातीच्या गोळ्या चालल्या होत्या.

पिशवी टेबलावर रिकामी करणं

चालू औषधं विचारली की रुग्ण रक्तदाबाची आणि आमवाताची गोळी सांगतात. पेनकिलर त्यांच्या लेखी औषध नसते, ती लागली की घ्यायची वस्तू असते. म्हणून प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारावे लागतात. सर्वांत वाईट दिवशी दुखण्यासाठी काय काय घेता आणि किती गोळ्या? महिन्याभरात इंजेक्शन घेतलं का? लावायचं मलम, जेल, पट्टी, चूर्ण काही आहे का? दुसऱ्या कुणासाठी आणलेल्या गोळ्या घेतल्या का? आणि मग सगळ्या स्ट्रिप समोर ठेवायला सांगाव्यात.

इथे निघालेलं असं:

– डायक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅची संयुक्त गोळी, दिवसातून ३. चिठ्ठी जुनी, गोळ्या मात्र पुन्हा पुन्हा आणलेल्या.
– एटोरिकॉक्सिब ९० मिग्रॅ, रोज १. गुडघ्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली. त्यांना पहिल्या गोळीची माहिती नव्हती.
– पॅरासिटामॉल ६५०, दिवसातून २ ते ३.
– ट्रॅमाडॉल (अफूवर्गीय वेदनाशामक) ५० मिग्रॅ, अधूनमधून रात्री.
– फॉलिक ॲसिड: स्ट्रिप नाही. पाच महिन्यांपूर्वी संपली, आणि ‘ते तर नुसतं व्हिटॅमिन’ म्हणून पुन्हा आणलीच नाही.

पॅरासिटामॉलची बेरीज केली तर ती ३ ग्रॅमच्या आत राहते, म्हणजे ४ ग्रॅमच्या मर्यादेखालीच. खरा प्रश्न पहिल्या दोन गोळ्यांचा आहे. दोघांची नावं वेगळी, स्ट्रिपचे रंग वेगळे, पण काम एकच: सायक्लोऑक्सिजिनेज हे विकर अडवून प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ न देणं. डायक्लोफेनॅक १५० मिग्रॅ हे दिवसाचं कमाल प्रमाण आहे. त्या प्रमाणात विकर जवळपास पूर्ण अडवलेलं असतं, त्यावर एटोरिकॉक्सिब घालून वेदनेत फार फरक पडत नाही. पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांवरचा भार मात्र वाढत जातो. शिवाय रक्तदाब सतत १४०/९० च्या वर असेल तर एटोरिकॉक्सिब द्यायचंच नसतं. इथे तो १५८/९४ होता, आणि चढण्यात या गोळ्यांचा स्वतःचा वाटा होता.

एक प्रश्न सवयीचा करावा: चूर्ण किंवा बिननावाच्या पुड्या घेता का? त्यांत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि अशी पुडी अचानक बंद केली तर अधिवृक्क ग्रंथी कमी पडून रुग्ण कोसळू शकतो. इथे तसं काही नव्हतं.

मूत्रपिंडाला तीन बाजूंनी वेढा

तपासण्या: क्रिएटिनीन १.९, पोटॅशियम ५.६, हिमोग्लोबिन ९.४, पांढऱ्या पेशी २,९००, प्लेटलेट १,१८,०००. ईजीएफआर (मूत्रपिंडाची अंदाजी गाळणक्षमता) सूत्राने ३१ येतो. पण क्रिएटिनीन चढत असताना हे सूत्र खरी अवस्था प्रत्यक्षापेक्षा बरी दाखवतं, त्यामुळे खरी गाळणक्षमता याहून कमी धरून चालावं.

हे का घडलं ते नळाच्या भाषेत सांगता येतं. मूत्रपिंडातल्या गाळणीत रक्त आणणारी धमनी मोकळी ठेवण्याचं काम, विशेषतः शरीरात पाणी कमी असताना, प्रोस्टाग्लँडिन करतं. वेदनाशामकांनी ते काढून घेतलं, म्हणजे आत येणारा नळ आवळला. बाहेर जाणारी धमनी आवळून गाळणीतला दाब टिकवणं हे अँजिओटेन्सिनचं काम. टेल्मिसार्टनने ते अडवलं, म्हणजे बाहेरचा नळ सैल झाला. हायड्रोक्लोरोथायझाइडने टाकीतलं पाणी आधीच कमी केलेलं होतं. हे तिघे महिनोन्‌महिने एकत्र नांदू शकतात. मग तीन दिवसांचे जुलाब होतात आणि गाळणीत दाबच उरत नाही.

मेथोट्रेक्सेट मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंड मंदावलं की तेच १५ मिग्रॅ शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, आणि फॉलिक ॲसिडची ढाल तर पाच महिन्यांपासून नव्हती. भराभर वाढणाऱ्या पेशींना पहिला फटका बसतो, म्हणजे तोंडाचं अस्तर आणि अस्थिमज्जा. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णाचं तोंड आलं तर बी-कॉम्प्लेक्स लिहिण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनीन त्याच दिवशी पाहावं. ‘आठवड्याची गोळी रोज घेतली का?’ हेही विचारावं, कारण ही चूक प्राणघातक ठरते. इथे स्ट्रिपमधल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या, हिशेब आठवड्याचाच निघाला.

हिमोग्लोबिनचं कोडं वेगळं. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, नॉर्मल होता, पण त्यावर समाधान मानण्यात अर्थ नव्हता. मेथोट्रेक्सेट पेशींचा आकार वाढवतं, लोहाची कमतरता तो घटवते. दोन्ही एकत्र असले की सरासरी साळसूद दिसते. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा, ११ निघालं. आमवात चिघळलेला असताना फेरिटिन वाढायला हवं, तरी ते इतकं कमी, म्हणजे रक्त कुठूनतरी जातंय. एंडोस्कोपीत जठराच्या खालच्या भागात उथळ व्रण दिसले. व्रण करणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूची चाचणी निगेटिव्ह. पोटात एकदाही दुखलं नव्हतं, आणि यात नवल काही नाही, कारण वेदनाशामक स्वतःच्या व्रणाची वेदनाही झाकतं.

पहिले पाच दिवस

रुग्णाला दाखल केलं. दोन्ही दाहशामक गोळ्या (डायक्लोफेनॅक आणि एटोरिकॉक्सिब), मेथोट्रेक्सेट आणि रक्तदाबाची एकत्र गोळी त्याच दिवशी बंद. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन ५ मिग्रॅ. शिरेतून सलाइन, लघवीचं मोजमाप, पोटासाठी पँटोप्रॅझोल ४० मिग्रॅ. पेशी घसरल्यामुळे फोलिनिक ॲसिड १५ मिग्रॅ दर ६ तासांनी. इथे फॉलिक आणि फोलिनिक यांची गल्लत चालत नाही. मेथोट्रेक्सेटने जे विकर अडवलेलं असतं, फॉलिक ॲसिडला त्याच विकराच्या दारातून जावं लागतं. फोलिनिक त्या दाराला वळसा घालून आत जातं. ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल हे प्रतिजैविक अशा रुग्णाला कुणी चुकूनही देऊ नये, म्हणून केसपेपरवर ठळक लिहून ठेवलं.

दुखण्यासाठी हातात उरलं ते पॅरासिटामॉल, १ ग्रॅम दिवसातून ३ वेळा. आमवाताच्या ठणक्यावर त्याचा परिणाम तोकडा असतो आणि तसं रुग्णाला आधीच सांगितलं. दाहशामक थांबल्यावर पहिल्या आठवड्यात दुखणं वाढतं, हेही सांगितलं. हे बोलणं राहिलं तर घरी जाताच जुनी स्ट्रिप बाहेर निघते.

उजवा गुडघा गरम आणि सुजलेला होता. पांढऱ्या पेशी कमी असताना असा गुडघा ‘आमवाताचाच’ म्हणून सोडता येत नाही. दुसऱ्या दिवशी सुईने पाणी काढलं: पेशी १४,०००, स्फटिक नाहीत, कल्चरमध्ये जंतू नाहीत. जंतुसंसर्ग नाही हे कळेपर्यंत स्टेरॉइडला हात लावला नाही.

सांध्यांची मोजणी मुद्दाम पाचव्या दिवशी केली. एटोरिकॉक्सिबचं अर्धायुष्य सुमारे २२ तास आहे. पाच दिवसांत ते शरीरातून जवळपास संपतं, आणि आजाराचा खरा चेहरा दिसतो. २८ पैकी १४ सांधे दुखरे, ८ सुजलेले, ईएसआर (दाह दाखवणारी रक्ततपासणी) ५८, रुग्णाचं स्वतःचं मूल्यमापन १०० पैकी ८०. या चारांवरून आजाराची तीव्रता मोजणारा डीएएस-२८ आला ६.८५. ५.१ च्या वर तीव्र आजार धरतात. म्हणजे सात महिने मूळ आजार पेटलेलाच होता, गोळ्यांमुळे तो सहन होत होता इतकंच. सहन होत असल्यामुळेच भेटी चुकल्या, आणि मेथोट्रेक्सेटचं प्रमाण वाढवण्याचा किंवा जोडीला दुसरं औषध देण्याचा विषयच निघाला नाही. मूत्रपिंडाला झालेली इजा मोठी खरी, पण दाहशामक पेनकिलरचं आमवातातलं खरं नुकसान आमच्या मते हे आहे: तिच्यामुळे सांध्याची झीज बिनबोभाट चालू राहते. ती दाह थोडा उतरवते, हाडाची झीज थांबवत नाही.

त्याच दिवशी गुडघ्यात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं ४० मिग्रॅचं इंजेक्शन, आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड पोटातून सुरू.

ठणक्याचा उपचार

प्रेडनिसोलोन हे पूल म्हणून दिलं. मेथोट्रेक्सेटसारखी औषधं लागू व्हायला ६ ते १२ आठवडे घेतात, आणि पेनकिलरचा सगळा गैरवापर या मधल्या काळात होतो. त्या फटीत काहीतरी द्यावंच लागतं, आणि जे द्यायचं त्याची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी ठरलेली हवी. इथली चिठ्ठी अशी होती: सकाळी नाश्त्यानंतर १० मिग्रॅ २ आठवडे, ७.५ मिग्रॅ २ आठवडे, ५ मिग्रॅ ३ आठवडे, २.५ मिग्रॅ ३ आठवडे, मग बंद. एकूण १० आठवडे. सोबत कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, आणि दुसऱ्या आठवड्यात रक्तातली साखर. स्टेरॉइड चालू असताना दाहशामक पेनकिलर घेतली तर जठरव्रणाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, त्यामुळे त्या काळात तिला पूर्ण मज्जाव.

तिसऱ्या आठवड्यात क्रिएटिनीन १.०, पांढऱ्या पेशी ५,२००, प्लेटलेट २,१०,०००. मेथोट्रेक्सेट पुन्हा द्यावं का, यावर दोन मतं असू शकतात. आमचं मत हो. पेशी कशामुळे घसरल्या ते नेमकं कळलेलं होतं आणि ती कारणं दूर झाली होती. कारण सापडलं नसतं तर पुन्हा दिलं नसतं. ७.५ मिग्रॅपासून सुरुवात, दर २ आठवड्यांनी सीबीसी, एएलटी (यकृताची तपासणी) आणि क्रिएटिनीन पाहून २.५ ने वाढ, १५ पर्यंत. वार ठरवून दिला, सोमवार. आणि बुधवारी फॉलिक ॲसिड ५ मिग्रॅ. जुलाब, उलट्या किंवा ताप असेल त्या आठवड्याची मात्रा गाळायची आणि फोन करायचा.

जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, हेही आमवात रोखणारं औषध. त्याचं प्रमाण वजनावर ठरतं, दर किलोला दिवसाला ५ मिग्रॅपर्यंत. ५४ किलोला २७० मिग्रॅ होतात. सरसकट ४०० लिहिलं तर डोळ्यांच्या पडद्याचा धोका उगाच वाढतो, आणि मूत्रपिंड नाजूक असताना तो आणखी. म्हणून आठवड्यात ५ दिवस २०० आणि २ दिवस ४००, सरासरी २५७ मिग्रॅ. सुरुवातीला डोळ्यांची तपासणी. सल्फासॅलाझिन हे तसंच तिसरं औषध सहा आठवडे लांबवलं, कारण तेही पेशी घटवू शकतं आणि दोन संशयित एकाच वेळी आणले तर गुन्हेगार कोण ते कळत नाही. पुढे ५०० मिग्रॅपासून वाढवत दिवसाला २ ग्रॅमपर्यंत नेलं.

अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसच्या, म्हणजे मणक्याच्या दाहक संधिवाताच्या, रुग्णाचं प्रकरण असतं तर हा लेख वेगळा झाला असता. तिथे हीच दाहशामकं पहिल्या फळीचा उपचार आहेत, पूर्ण प्रमाणात आणि गरजेप्रमाणे सलगही. ‘पेनकिलर वाईट’ हा सरसकट निष्कर्ष त्या रुग्णांचं नुकसान करतो. मूत्रपिंड आणि पोट धड असलेल्या आमवाताच्या रुग्णालाही नेप्रॉक्सेन २५० ते ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, पँटोप्रॅझोलसह, एक-दोन आठवडे देण्यात काही गैर नाही. सुरू केल्यावर दोन आठवड्यांत रक्तदाब आणि क्रिएटिनीन पाहावं. तेवढ्या काळात गुण नाही आला तर औषध बदलावं, दुसरं त्यावर रचू नये.

चौथ्या महिन्यातला फसवा आकडा

चार महिन्यांनी सकाळचा आखडलेपणा पंधरा मिनिटांवर आला होता. पहाटेचा ठणका गेला होता. रक्तदाब १३८/८४. तरी रुग्ण म्हणत होत्या की दुखणं तेवढंच आहे, आणि डीएएस-२८ आला ५.३६, अजूनही तीव्र गटात. अशा आकड्यावर बायोलॉजिक औषध (प्रतिकारशक्तीचा ठरावीक दुवा अडवणारं इंजेक्शन) सुरू करण्याची शिफारस सहज होते.

ती करण्याआधी बेरीज उलगडून पाहिली. १२ दुखऱ्या सांध्यांचे १.९४, एका सुजलेल्या सांध्याचे ०.२८, ईएसआर २२ चे २.१६, आणि रुग्णाने स्वतः दिलेल्या ७० गुणांचे ०.९८. निम्म्याहून जास्त आकडा फक्त दुखतं या सांगण्यातून आला होता. सूज एकाच मनगटात, आणि ५६ वर्षांच्या स्त्रीला ईएसआर २२ म्हणजे नॉर्मलच. दुखरे आणि सुजलेले सांधे यांच्यात सात किंवा जास्त फरक पडला की दाहापलीकडचं कारण शोधायला लागावं; इथे तो अकरा होता. अल्ट्रासाउंडमध्ये त्या एका मनगटाशिवाय कुठेही पॉवर डॉपलरवर (सांध्यातला वाढलेला रक्तप्रवाह दाखवणारी पद्धत) दाह दिसला नाही. बायोलॉजिकचा विषय तिथे संपला. त्याने संसर्गाचा धोका वाढला असता आणि दुखणं तसंच राहिलं असतं.

उरलं होतं ते तिसरं दुखणं, अंग मोडून येणं. थायरॉइड, व्हिटॅमिन डी आणि सीके (स्नायूंची इजा दाखवणारी तपासणी) पाहून झालं. फायब्रोमायल्जिया म्हणजे दाहाशिवाय अंगभर दुखत राहण्याचा आजार. त्याच्या २०१६ च्या निकषांत अंगभर दुखणाऱ्या जागा ७ किंवा जास्त आणि लक्षणांची तीव्रता ५ किंवा जास्त लागते, तीन महिने टिकलेली. इथे ११ आणि ८. आमवाताच्या रुग्णांत दर पाचांत साधारण एकाला हे असतं. मज्जासंस्थाच वेदनेचा आवाज मोठा करून ठेवते. अशा वेदनेला २०१७ साली आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेने नोसिप्लास्टिक हे वेगळं नाव दिलं. तिच्यावर दाहशामक, स्टेरॉइड आणि अफूवर्गीय औषधं जवळपास निरुपयोगी ठरतात. सात महिने वाढत गेलेल्या गोळ्यांचा हा उरलेला खुलासा.

औषध निवडताना तिन्ही पर्याय मांडले. ॲमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅ रात्री: झोप सुधारते, पण तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठ होतो, जो रुग्णाला आधीच होता. प्रेगाबालिन: मूत्रपिंडाप्रमाणे प्रमाण कमी करावं लागतं, पायांवर सूज येते आणि मग ती सूज कशाची हा नवा घोळ. ड्युलोक्सेटिन: सुरुवातीला मळमळ, रक्तदाब थोडा वाढू शकतो, मूत्रपिंड फारच मंद असेल तर चालत नाही. पण ते गुडघ्याच्या झिजेच्या दुखण्यावरही काम करतं, म्हणजे तीनपैकी दोन दुखण्यांना एक औषध. म्हणून ड्युलोक्सेटिन ३० मिग्रॅ, नाश्त्यानंतर.

त्याआधी ट्रॅमाडॉल बंद केलं, उरलेली स्ट्रिप परत घेतली. दोन्ही औषधं सेरोटोनिन वाढवतात. एकत्र घेतली तर थरथर, घाम, धडधड, क्वचित झटकेसुद्धा. दोन आठवड्यांनी ६० मिग्रॅ करायचं ठरलं होतं, पण मळमळीमुळे चार आठवडे ३० वरच थांबलो. घाई केली असती तर औषधच सुटलं असतं.

गुडघ्याच्या कळीसाठी मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम: खुर्चीत बसून पाय सरळ, ५ सेकंद धरणं, १० वेळा, दिवसातून ३ फेऱ्या. डायक्लोफेनॅकचं १ टक्का जेल २ ग्रॅम, दिवसातून ३ वेळा. गुडघ्याचं पूर्ण प्रमाण ४ ग्रॅम ४ वेळा असतं. जेलमधून रक्तात पोटातल्या गोळीच्या सहा टक्क्यांच्या आसपासच औषध जातं, तरी या मूत्रपिंडासाठी प्रमाण कमी ठेवलं आणि दोन आठवड्यांनी क्रिएटिनीन पाहिलं. अंगदुखीसाठी रोज १० मिनिटं चालणं, दर आठवड्याला २ मिनिटांची वाढ. बरं वाटलं त्या दिवशी तासभर चालायचं नाही. दुसऱ्या दिवशी अंग आंबतं आणि व्यायामच सुटतो.

तीन महिन्यांनी फाइलमध्ये एका आकड्याऐवजी तीन होते: ठणका १, गुडघ्याची कळ ७ वरून ४, अंगदुखी ८ वरून ५. झोप सलग पाच तास. शून्यावर काहीच आलं नाही, आणि तसं येईल असं सांगितलंही नव्हतं.

मधे एक ठेच लागली. दाढ दुखली म्हणून दातांच्या दवाखान्यात गेल्या, तिथे पाच दिवस एटोरिकॉक्सिब मिळालं. क्रिएटिनीन १.३ झालं. रुग्णालयातून सुट्टी होताना त्यांना एक कार्ड दिलं होतं. घ्यायची नाहीत अशी मूळ नावं त्यावर होती: डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रॉक्सेन, एटोरिकॉक्सिब, पिरॉक्सिकॅम, मेफेनामिक ॲसिड, किटोरोलॅक. कार्ड घरी, फाइलमध्ये होतं. गोळी थांबवली, दाढेचा उपचार करून घेतला, पॅरासिटामॉल १ ग्रॅम ३ वेळा चार दिवस दिलं, आणि दहा दिवसांनी क्रिएटिनीन पुन्हा १.० वर आलं. कार्डाचा फोटो आता त्यांच्या फोनच्या पहिल्या पडद्यावर आहे.